नेत्यांची दोस्ती, दुश्मनी आणि देशाचं परराष्ट्र धोरण: १९७१ आणि १९७८ च्या दोन गोष्टी

या भागाचं हे लिखित रूप. लोकलच्या गर्दीत ऐकू येत नाही म्हणून वाचणारे बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी. बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे, म्हणजे' कमी केलेत.

सुरुवात एका व्हॉइस नोटपासून करतो. सोलापूरहून एका श्रोतीची आली होती. तिचे वडील टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत. माल अमेरिकेला जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के आयात शुल्क लावलं आणि कारखान्यात ऑर्डर थांबल्याची कुजबुज सुरू झाली. ती म्हणाली, "दादा, ह्यूस्टनला स्टेडियम भरलं होतं, अहमदाबादला स्टेडियम भरलं होतं, दोघं हातात हात घालून फिरले होते. मग दोस्तीचं काय झालं? का नेत्यांची दोस्ती-बिस्ती सगळं फोटोपुरतंच असतं?"

प्रश्न साधा वाटतो, पण सोपा नाही. दोन टोकाची उत्तरं आपण रोज ऐकतो. एक, "सगळं नेत्यावर असतं. आपला माणूस खमक्या, म्हणून जग आपल्याला मानतं." दुसरं, "नेते येतात-जातात, देश आपल्या फायद्यानं चालतो." दोन्ही उत्तरं कधी कधी बरोबर असतात. खरा प्रश्न आहे की कधी कोणतं?

त्यासाठी आज दोन गोष्टी. एकात दोन नेत्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं आणि त्याचा धोरणावर मोठा परिणाम झाला. दुसरीत दोन नेत्यांचं छान जमलं आणि तरी अडलेलं काम अडलेलंच राहिलं. दोन्हीत एका बाजूला भारत, दुसऱ्या बाजूला अमेरिका.

पहिली गोष्ट: १९७१

डिसेंबर १९७० मध्ये पाकिस्तानात निवडणूक झाली. पूर्व पाकिस्तानातल्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० शेख मुजीबूर रहमान यांच्या अवामी लीगनं जिंकल्या. पूर्ण देशात बहुमत. म्हणजे पंतप्रधान बंगाली होणार. ते पश्चिमेतल्या लष्करी सत्तेला आणि भुट्टोंना पचलं नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री जनरल याह्या खान यांच्या सैन्यानं ढाक्यात कारवाई सुरू केली. विद्यापीठाच्या वसतिगृहांत शिरून माणसं मारली. लोकांचे लोंढे सीमा ओलांडून भारतात यायला लागले. वर्षअखेरीस हा आकडा सुमारे एक कोटीवर गेला.

एक कोटी म्हणजे किती? तुमच्या घरी आजी-आजोबांची जुनी पत्रं असतील तर १९७१-७२ ची पाकिटं काढून बघा. नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं एक जादा तिकीट दिसेल, निर्वासितांच्या मदतीसाठीचं. आपल्या नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेलं. पत्र टाकणारा प्रत्येक माणूस त्या संकटाचा पाच पैशांचा वाटा उचलत होता. आणि या खर्चाचा ताळमेळ बसवायची जबाबदारी ज्यांच्याकडे होती ते अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण.

आता अमेरिकेत काय चाललं होतं ते बघू. अध्यक्ष होते रिचर्ड निक्सन, त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर. ढाक्यातल्या अमेरिकी वकिलातीचे प्रमुख आर्चर ब्लड समोर घडणारं सगळं वॉशिंग्टनला कळवत होते. ६ एप्रिलला तिथल्या २० अमेरिकी अधिकाऱ्यांच्या सह्यांची एक तार गेली. त्यात त्यांनी आपल्याच सरकारचं धोरण नैतिकदृष्ट्या दिवाळखोर असल्याचं म्हटलं. सरकारी नोकरीत राहून असं लिहायला केवढी हिंमत लागत असेल! ब्लड यांना त्याचं फळ मिळालं. त्यांची ढाक्यातून उचलबांगडी झाली.

दिल्लीतले अमेरिकी राजदूत केनेथ कीटिंग यांचं मतही तेच होतं. पाकिस्तानला रोखा. परराष्ट्र खात्यातले अनेक जण तेच म्हणत होते. अमेरिकी संसदेत ओरड होती, सिनेटर एडवर्ड केनेडी ऑगस्टमध्ये स्वतः निर्वासितांच्या छावण्या बघून गेले. निक्सन यांनी मात्र एप्रिलअखेर एका कागदावर आपल्या हातानं शेरा लिहिला की याह्यांवर सध्या दबाव आणू नका. त्यातला 'नका' त्यांनी अधोरेखित केला.

का? इथे दोन कारणं आहेत आणि ती वेगळी करून बघणं हाच आजचा मुद्दा आहे.

पहिलं कारण चीन. निक्सन यांना चीनशी संबंध जोडायचे होते. १९६९ मध्ये चीन आणि सोव्हिएत संघाच्या सैन्यात सीमेवर चकमकी झाल्या होत्या, म्हणजे संधी चालून आली होती. निरोप्याचं काम करत होते याह्या खान. ९ जुलै १९७१ ला किसिंजर पाकिस्तानात असताना पोट बिघडल्याचं नाटक करून पत्रकारांच्या नजरेआड झाले आणि गुपचूप विमानानं बीजिंगला पोचले. हे कारण देशहिताचं आहे. निक्सनच्या जागी दुसरा कोणी असता, तरी चीनचं दार उघडायचा मोह त्याला झालाच असता.

आता दुसरं कारण. निक्सनना भारत आवडत नव्हता आणि इंदिरा गांधी तर त्याहून नाही. ही नावड जुनी होती. उपाध्यक्ष असताना १९५३ मध्ये ते दोन्ही देशांत येऊन गेले होते. पाकिस्तानचे लष्करी लोक त्यांना मोकळेढाकळे, भरवशाचे वाटले. भारतातले लोक उपदेश करणारे वाटले. १९६७ मध्ये सत्तेत नसताना ते पुन्हा दिल्लीला आले. तेव्हाचा एक किस्सा नेहमी सांगितला जातो. बोलणं सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली आणि इंदिराबाईंनी सोबतच्या अधिकाऱ्याला हिंदीत विचारलं, हे अजून किती वेळ चालणार? निक्सन यांना शब्द कळले नसतील, सूर कळला.

याह्यांबद्दल मात्र त्यांना जिव्हाळा होता. साधा सरळ शिपाईगडी, आपला माणूस.

आता तुम्ही म्हणाल, आवड-नावड सगळ्यांनाच असते. धोरण त्यावरच ठरलं हे कशावरून? बरोबर विचारलंत. पुरावा तारखांमध्ये आहे.

जुलैमध्ये किसिंजर बीजिंगला जाऊन आले. १५ जुलैला निक्सननी टीव्हीवर जाहीर केलं की मी चीनला जाणार. त्यानंतर चीनशी थेट बोलायची सोय झाली. म्हणजे निरोप्या म्हणून याह्यांची गरज संपली. हिशेब फक्त फायद्याचा असता, तर ऑगस्टपासून अमेरिकेची भाषा थोडी तरी बदलायला हवी होती. उलट डिसेंबरपर्यंत ती आणखी कडवट होत गेली.

नोव्हेंबरच्या ४ आणि ५ तारखेला इंदिरा गांधी वॉशिंग्टनमध्ये होत्या. स्वागताच्या भाषणात निक्सन भारतातल्या पुराबद्दल हळहळ व्यक्त करून मोकळे झाले, निर्वासितांचं नाव नाही. इंदिरा गांधींनी उत्तरात शांतपणे सुनावलं की निसर्गाच्या संकटांत आता माणसानं घडवलेल्या प्रचंड संकटाची भर पडली आहे. दुसऱ्या दिवशी निक्सननी त्यांना भेटीआधी ताटकळत ठेवलं असं सांगतात. आणि त्याच दिवशी निक्सन आणि किसिंजर आपल्या कार्यालयात बसून भारताच्या पंतप्रधानांना काय काय म्हणाले, ते मी इथे म्हणणार नाही, आईसुद्धा हा भाग ऐकते. हे आपल्याला कळलं कारण निक्सननी स्वतःच त्या खोलीत ध्वनिमुद्रणाची यंत्रणा बसवून घेतली होती. २००५ मध्ये ते संभाषण जाहीर झालं तेव्हा किसिंजरना खेद व्यक्त करावा लागला.

डिसेंबरमध्ये युद्ध पेटलं. जॉर्डनकडची अमेरिकी बनावटीची लढाऊ विमानं पाकिस्तानला जाऊ द्यायची का, हा प्रश्न आला. कायद्यात बसत नाही असा सल्ला असतानाही व्हाइट हाउसनं त्याला वाट करून दिली. किसिंजरनी न्यूयॉर्कमध्ये चिनी प्रतिनिधीला भेटून चीननं भारताच्या सीमेवर हालचाल केली तर अमेरिका पाठीशी राहील असं सुचवलं. चीन हलला नाही. मग 'एंटरप्राइझ' ही अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका ताफ्यासह बंगालच्या उपसागराकडे धाडली गेली.

किसिंजरची बाजूही सांगायला हवी. त्यांचं म्हणणं होतं की आम्ही मित्राला वाऱ्यावर सोडलं असतं तर चीननं आमच्यावर विश्वास ठेवला नसता. यात तथ्य आहे. पण जोखीम किती मोठी घेतली ते बघा. एका बाजूला सोव्हिएत संघ, ज्याच्याशी भारतानं ९ ऑगस्टला मैत्री करार केला होता. दुसऱ्या बाजूला चीनला चिथावणी. पूर्व पाकिस्तान हातातून गेलाच आहे हे त्यांच्याच अधिकाऱ्यांना दिसत असताना एवढा डाव लावायचा? इथे हिशेब संपतो आणि स्वभाव सुरू होतो.

इंदिरा गांधींचं काय?

तीच कसोटी आपल्या बाजूलाही लावायला हवी, नाहीतर आपण फक्त दुसऱ्याची उणीदुणी काढतोय असं होईल.

इंदिरा गांधींच्या जागी दुसरं कुणी असतं तर भारत गप्प बसला असता का? मला नाही वाटत. ३१ मार्चलाच संसदेनं पूर्व बंगालच्या लोकांना पाठिंबा देणारा ठराव एकमतानं केला होता. जयप्रकाश नारायण, जे पुढे इंदिराबाईंचे सर्वांत मोठे विरोधक ठरले, ते याच प्रश्नासाठी देशोदेशी फिरत होते. एक कोटी माणसं दारात आल्यावर कोणत्याही पंतप्रधानाला काहीतरी करावंच लागलं असतं.

मग त्यांचा स्वतःचा वाटा कुठला? वेळ निवडण्याचा. एप्रिलपासून "सैन्य घुसवा" असा दबाव होता. सेनाप्रमुख माणेकशॉ यांनी नंतर अनेकदा सांगितलं की मी पावसाळ्यात लढायला नकार दिला आणि हिवाळा येईपर्यंत वेळ मागितला. त्या थांबल्या. त्या आठ महिन्यांत रशियाशी करार केला, युरोप-अमेरिकेत फिरून आपली बाजू मांडली, तयारी पूर्ण केली. दबाव सगळ्यांवर आला असता, पण तोंडातून शब्द न काढता एवढे महिने थांबणं हा त्यांचा स्वभाव होता.

१६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. सुमारे ९३ हजार जण युद्धकैदी झाले. 'एंटरप्राइझ'नं एकही गोळी झाडली नाही. व्हिएतनाममध्ये पोळलेली अमेरिकी जनता आणखी एक युद्ध करू देणार नव्हती, आणि राष्ट्रसंघात सोव्हिएत संघ नकाराधिकार वापरत होता. म्हणजे निक्सनचा राग अमेरिकेचं धोरण वळवू शकला, पण युद्धाचा निकाल वळवू शकला नाही. हा फरक लक्षात ठेवा. स्वभाव दिशा ठरवतो, निकाल ठरवायला ताकद आणि परिस्थिती लागते.

पण जखम राहिली. ती नौका भारतीयांच्या मनात पुढची कित्येक वर्षं उभी होती.

दुसरी गोष्ट: १९७८

आता चित्र उलटं करू. निक्सन गेले, इंदिरा गांधीही १९७७ ची निवडणूक हरल्या. अमेरिकेत जिमी कार्टर, भारतात मोरारजी देसाई.

मोरारजीभाई म्हटलं की मराठी घरात एक वेगळाच विषय निघतो, संयुक्त महाराष्ट्राचा आणि १०६ हुतात्म्यांचा. हट्टी माणूस अशीच त्यांची ख्याती. पण कार्टरशी त्यांचं जमलं. दोघंही धार्मिक, शिस्तीचे, साधेपणाचा आग्रह धरणारे. आणि कार्टर यांचं भारताशी नातं तर घरचं होतं. त्यांच्या आई लिलियन कार्टर साठी उलटल्यावर पीस कोअरच्या स्वयंसेविका म्हणून भारतात आल्या होत्या. कुठे? आपल्या विक्रोळीत! १९६६ ते ६८ त्यांनी तिथे आरोग्याचं काम केलं. अमेरिकेच्या अध्यक्षाची आई विक्रोळीत राहून गेलेली आहे, याहून जास्त जिव्हाळा काय असतो?

जानेवारी १९७८ मध्ये कार्टर दिल्लीला आले. हरियाणातल्या एका खेड्यात गेले, त्या गावाचं नाव कार्टरपुरी झालं. संयुक्त घोषणापत्रावर सह्या झाल्या. सगळं कसं छान.

पण एक काटा होता. तारापूर.

पालघर जिल्ह्यातलं, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातलं तारापूर अणुवीज केंद्र अमेरिकेच्या मदतीनं उभं राहिलं आणि १९६९ मध्ये सुरू झालं. त्याचं इंधन, म्हणजे समृद्ध युरेनियम, अमेरिकेनं पुरवायचं असा १९६३ चा ३० वर्षांचा करार होता. १९७४ मध्ये भारतानं पोखरणला अणुचाचणी केली आणि अमेरिकेत पक्की धारणा झाली की अणुइंधन देताना अटी कडक हव्यात. कार्टर म्हणत होते, तुमच्या सगळ्या अणुकेंद्रांची आंतरराष्ट्रीय तपासणी होऊ द्या. मोरारजी म्हणत होते, आम्ही बाँब बनवणार नाही, पण ही अट मान्य नाही.

दिल्लीतच मजा झाली. कार्टर आपल्या परराष्ट्रमंत्र्याशी हळू आवाजात बोलत होते, परतल्यावर मोरारजींना थंड आणि अगदी रोखठोक पत्र लिहू या. मायक्रोफोन चालू होता. सगळ्यांनी ऐकलं! तरी मोरारजींनी ते फार मनावर घेतलं नाही. दोस्ती टिकली.

आणि इंधन? मार्च १९७८ मध्ये अमेरिकी संसदेनं केलेला अणुप्रसारविरोधी कायदा कार्टरनीच सही करून लागू केला. आता निर्णय एका माणसाच्या हातात उरला नाही. मधे नियामक आयोग, संसदेच्या समित्या, कायद्याची कलमं. १९८० मध्ये नियामक आयोगानं तारापूरच्या इंधनाला नकार दिला. कार्टरनी तो डावलून परवानगी दिली, ती सिनेटमध्ये कशीबशी टिकली, ४८ विरुद्ध ४६.

थांबा, मग शेवटी दोस्ती कामी आलीच की! नाही, तिथेच गंमत आहे. तोवर मोरारजी जाऊन इंदिरा गांधी परत आल्या होत्या, ज्यांच्याशी कार्टर यांचं असं काही सूत नव्हतं. बदललं होतं ते वेगळंच. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या होत्या आणि अमेरिकेला भारताला दुखवायचं नव्हतं. जे काम विक्रोळीच्या नात्यानं आणि मोरारजींच्या स्नेहानं झालं नाही, ते अफगाणिस्ताननं करून दिलं.

आणखी एक. मोरारजी आणि त्यांचे परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी, दोघंही विरोधात असताना इंदिराबाईंच्या रशियाकडच्या कलावर टीका करायचे. सत्तेत आल्यावर १९७१ चा करार त्यांनी मोडला का? नाही. शस्त्रं तिकडून, बाजारपेठ तिकडे, शेजारी चीन आणि पाकिस्तान तेच. खुर्चीतला माणूस बदलला, खिडकीतून दिसणारं दृश्य तेच राहिलं.

मग ओळखायचं कसं?

फ्रेड ग्रीनस्टाइन नावाच्या अमेरिकी अभ्यासकानं १९६९ मध्ये या प्रश्नावर पुस्तक लिहिलं. त्याचा गाभा मी माझ्या भाषेत तीन प्रश्नांत सांगतो. परराष्ट्र धोरणाची पुढची बातमी वाचाल तेव्हा हे विचारून बघा.

एक, निर्णय किती जणांच्या हातात आहे? १९७१ मध्ये दोघांच्या हातात होता, बाकीच्यांना खोलीबाहेर ठेवलं होतं. १९७८ नंतर तो कायद्यात आणि समित्यांत वाटला गेला. खोली जितकी लहान, स्वभावाला वाव तितका जास्त.

दोन, वाट ठरलेली आहे की नवी? अचानक आलेल्या संकटात आधीचे नियम नसतात, मग माणूस आपल्या आवडी-निवडीवर, जुन्या आठवणींवर जातो. करार, कायदा, वर्षानुवर्षांचा रिवाज असेल तिथे स्वभावाला फार जागा नसते.

तीन, खुर्चीत दुसरा असता तर हेच झालं असतं का? १९६८ च्या निवडणुकीत निक्सन हम्फ्री यांच्यापेक्षा एक टक्क्याहून कमी मतांनी पुढे होते. हम्फ्री जिंकले असते तर त्यांनी नक्की काय केलं असतं, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ब्लड यांची तार कुणीतरी नीट वाचली असती, एवढी आशा ठेवायला जागा आहे.

आता सोलापूरकडे वळतो. ताई, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. दोस्ती फक्त फोटोपुरती नसते. तिनं दार लवकर उघडतं, फोन उचलला जातो, गैरसमज मिटतात. पण ती हमी नाही. विशेषतः समोर निर्णय एका माणसाच्या मर्जीवर होत असेल, तर जी मर्जी आज तुमच्या बाजूनं आहे ती उद्या नसेल. एका शब्दात शुल्क लागतं, एका शब्दात निघू शकतं. म्हणून शहाणा देश दोस्ती ठेवतोच, पण त्यासोबत कागदावर करार ठेवतो, माल विकायला दुसरी बाजारपेठ ठेवतो. तारापूरचंच बघ ना, १९८२ मध्ये इंधनासाठी फ्रान्सची वाट काढली गेली तेव्हा कुठे गाडं पुढे सरकलं.

आणि आपण काय करायचं? नेत्यांच्या मिठीचा फोटो ग्रुपवर आला की आनंदानं फॉरवर्ड करा, माझी ना नाही. फक्त सोबत एक प्रश्न विचारा, यात सही कशावर झाली?

व्हॉइस नोट पाठवत राहा. तुमच्या घरात ते पाच पैशांचं तिकीट लावलेलं पाकीट सापडलं तर फोटो नक्की पाठवा. पुढच्या भागात भेटू!